भांगेत तुळस

मराठीच्या तासाला वाक्प्रचार शिकवायला घेतले, की ‘तुळशीत भांग’ आल्याशिवाय राहत नाही. चांगल्या कुळात वाईट माणूस निपजला की तुळशीत भांग. आणि वाईट घरात एखादा सज्जन निघाला की भांगेत तुळस. मुले अर्थ उतरवून घेतात, वाक्यात उपयोग करतात आणि परीक्षेत आपले दोन गुण मिळवतात. परंतु ही दोन्ही झाडे शेजारी शेजारी पाहिलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. तुळस निदान गॅलरीत तरी असते. भांग म्हटले की त्यांना धुळवडीची थंडाई आठवते, नाही तर केसांतला भांग!

मी स्वतः भांगेचे झाड प्रथम पाहिले ते हिमालयाच्या पायथ्याशी नव्हे, की एखाद्या मठाच्या आवारात नव्हे. पाहिले ते टोरोंटोमध्ये, एका निवृत्त बसचालकाच्या तळघरात. झाडे काळ्या प्लॅस्टिकच्या टबांत होती, आणि त्या टबांना म्हणे वरून पाणी घालावेच लागत नव्हते.

त्याचे असे झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात माझ्या ताईच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते. मी रजा काढून तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. घरात ताई, तिचे यजमान, सतरा वर्षांचा माझा भाचा आणि ताईच्या सासूबाई. त्यांना सगळे माई म्हणतात. माईंचे वय ब्याऐंशी. सातारचा वाडा विकून मुलाकडे आल्याला अकरा वर्षे झालेली. अकरा वर्षांत त्या इंग्रजी टीव्ही पाहायला शिकल्या, मायक्रोवेव्ह वापरायला शिकल्या, बर्फावरून चालायलाही शिकल्या. एकच गोष्ट त्यांना जमली नाही. तुळस हिवाळ्यात जगत नसे.

उन्हाळ्यात मागच्या अंगणात तुळस हातभर वाढे, मंजिऱ्यांनी भरे. सप्टेंबर सरत आला, की माई ती घरात घेत. मग डिसेंबरात जेमतेम नऊ तासांचा दिवस, काचेबाहेर शून्याखाली दहा-पंधरा अंश आणि आत भट्टीची कोरडी गरम हवा. पाने गळू लागत. पाने गळाली, की माई जास्त पाणी घालीत, मुळे कुजत. दुसऱ्या वर्षी धाक घेऊन कमी घालीत. मग ती वाळे. फेब्रुवारीपर्यंत कुंडीत काड्या उरत. दर वर्षी मंजिऱ्यांतले बी जपून ठेवायचे आणि मे महिन्यात पुन्हा श्रीगणेशा. “सातारला कधी बी पेरलं नाही गं,” माई मला म्हणाल्या, “तिथं ती आपली आपण उगवायची. इथं मी दर साली एक तुळस मारते.”

हे त्या हसत म्हणाल्या. पण सकाळी दिवा लावून त्या काड्यांपुढे हात जोडताना त्यांचा चेहरा मी पुढे रोज पाहिला.

आता शेजाऱ्यांविषयी. तिकडे दोन घरांना मध्ये एकच भिंत अशी जोडघरे असतात. पलीकडच्या घरात हे निवृत्त बसचालक राहतात, एकटेच. ताईच्या ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी न सांगता आमच्या दारापुढची पाने झाडून काढली होती, म्हणून मी चकल्यांची बशी घेऊन गेले. चहा झाल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने, आपल्याकडे देवघर दाखवतात त्या भावाने, तळघर दाखवले. पांढऱ्या कापडाची कपाटाएवढी राहुटी, आत दिवे, एक छोटा पंखा आणि तीन झाडे. हाताच्या पंजासारखी, कातरलेल्या कडांची पाने. वास असा, की नाकाला तो धड सुगंधही वाटेना आणि दुर्गंधही वाटेना.

माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “कायदेशीर आहे, बरं का!” आणि ते खरेच होते. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला. प्रौढ माणसाला घरी चार झाडे लावता येतात. मात्र चार ती घराला, माणशी नव्हेत. घरात सहा प्रौढ असले तरी झाडे चारच. ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, प्रौढ म्हणजे एकोणीस वर्षांचा. क्यूबेक प्रांताने घरच्या लागवडीला बंदी घातली, आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी योग्यच ठरवली. एकाच देशात एका प्रांतात चार झाडे चालतात, पलीकडे एकही चालत नाही.

पण खरे सांगते, माझे लक्ष झाडांपेक्षा टबांकडे अधिक गेले. टब खोल होता आणि त्याच्या कोपऱ्यात एक नळी उभी खोचलेली. ते गृहस्थ मातीवर पाणी घालीत नव्हते. नळीत घालीत होते, तेही आठवड्यातून एकदा. बाजूला खाली एक भोक होते. त्यातून पाण्याची धार आली, की थांबायचे.

रचना समजली तेव्हा इतकी सोपी निघाली, की आपल्याला ती आधी का सुचली नाही असे वाटावे. टबाच्या तळापासून चार बोटे वर एक जाळीदार खोटा तळ बसवलेला असतो. त्याच्या खाली पाण्याची टाकी, वर माती. खोट्या तळाच्या मध्यात एक जाळीची वाटी खाली पाण्यात बुडलेली. तीही मातीने भरलेली. त्या वाटीतून पाणी वर चढते. केशाकर्षण हा शब्द आपण शाळेत पाठ केला होता तोच हा. केसाएवढ्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपले आपण वर जाते. झाड जेवढे पिते तेवढीच जागा रिकामी होते, आणि तेवढेच पाणी खालून येते. ना अति, ना कमी. बाजूचे ते भोक फार महत्त्वाचे. पाणी खोट्या तळाच्या खालीच थांबावे, मध्ये हवेचा एक थर राहावा, यासाठी ते असते. कुंडीतले झाड बहुधा तहानेने मरत नाही. मुळांना श्वास मिळत नाही म्हणून मरते. माईंच्या निम्म्या तुळशी अशाच गेल्या असाव्यात.

हे ऐकून माईंना मी निरांजन दाखवले. “माई, वात तेलात बुडालेली असते आणि ज्योत वर. तेल वर कोण नेतं?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे ते सगळं झाड एक वात आहे म्हण की.” मला वर्गात इतके चांगले उत्तर क्वचित मिळते.

अर्थात, हळूहळू पाणी देण्याची कल्पना काही परदेशी नव्हे. महादेवाच्या पिंडीवर गळती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. काही घरांतून वैशाखात तुळशीवरही तशी गळती बांधत. रोपाच्या बुडाशी कच्चे मडके पुरून त्यात पाणी भरायचे, म्हणजे ते पाझरत राहते, ही रीत चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही नोंदलेली आहे. पाणी खालून वर चढवणारा हा टब मात्र अलीकडचा. फ्लॉरिडातले टोमॅटोचे एक शेतकरी, ब्लेक व्हिझनंट, यांनी १९९० च्या दशकात अशी पेटी बाजारात आणली ती टोमॅटोसाठी. गांजावाल्यांनी ती नंतर उचलली.

आणि गांजा तळघरात का गेला, त्याचीही एक हकीगत आहे. १९८३ पासून कॅलिफोर्नियात सरकारने हेलिकॉप्टरमधून डोंगरातली गांजाची शेते हुडकून उपटण्याची मोहीम काढली. शेतकरी हुशार. झाड छपराखाली गेले, सूर्याच्या जागी दिवे आले, पावसाच्या जागी नळी. या झाडाला फुले यायला लांब रात्र लागते. बाहेर ती शरद ऋतूत मिळते, आत मात्र घड्याळ लावलेल्या दिव्यावर ती केव्हाही आणता येते. बंदी उठली तरी झाड तळघरातच राहिले, कारण टोरोंटोचा हिवाळा हेलिकॉप्टरपेक्षा कठोर!

वाचकांना वाटेल, आपल्या महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पिके, आणि सरकार त्यावर रीतसर कर घेई. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने भांग-गांजा-चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. त्यांनी देशभर हिंडून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये निष्कर्ष दिला, की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिसेवनाने होते. तेव्हा बंदी नको, कर आणि परवाना असावा. त्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या ‘पोद्दार’ लोकांचे वर्णन आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराचे परागकण वाऱ्याने पसरले, की मादी बी धरते आणि राळ कमी होते. म्हणून फुलोऱ्याआधी शेतात हिंडून नरझाडे ओळखून उपटणारा तज्ज्ञ म्हणजे पोद्दार. त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. मी हे सांगितले, तेव्हा आमचे शेजारी खुर्चीतून उठलेच. हे काम ते गेली चार वर्षे भिंग घेऊन करीत होते, आणि आपण अगदी नवी विद्या शिकलो अशी त्यांची समजूत होती.

एकाच झाडाच्या पानांची ती भांग, मादीच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि राळेचा तो चरस. ही वाटणी आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही उतरली आहे. फुलोऱ्याशिवायची पाने त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच राजस्थान, उत्तर प्रदेशात भांगेची परवान्याची दुकाने दिसतात. पण झाड लावणे ही गोष्ट वेगळी. कुंडीत लावा की शेतात, विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ही लागवड आपल्याकडे करून पाहण्याची गोष्ट नव्हे, हे स्वच्छ सांगून ठेवते.

भाच्याने नेमके यावरच मला धरले. “मावशी, भिंतीच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. त्यांची झाडं शोभेची, आणि पुण्यात तुझ्या गॅलरीत तेच झाड लावलं तर तू तुरुंगात. मग वाईट काय, झाड की पत्ता?”

ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिचा जीव याच मुलात अडकलेला. त्याच्या वर्गातली दोन मुले वर्षभरात शाळेतून ढळली होती, आणि त्यांच्या खिशात काय असे हे सगळ्यांना ठाऊक होते. “असले प्रश्न विचारायला पुष्कळ वेळ आहे,” ती म्हणाली, “आधी अभ्यास कर.”

मला मात्र त्याला उत्तर द्यावेसे वाटले. शिक्षकाला प्रश्न टाळता येत नाही. मी म्हटले, “कायदा झाडाचा नसतो, माणसांचा असतो, आणि माणसं देशोदेशी वेगळं ठरवतात. पण तुझा मेंदू पुण्यातही तोच आणि टोरोंटोतही तोच.” कोवळ्या वयात, रोजच्या रोज आणि तीव्र गांजा ओढणाऱ्यांत भ्रमिष्टपणाच्या आजाराचा धोका वाढलेला दिसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे; आणि आजचा दिव्याखाली वाढवलेला गांजा १८९४ च्या आयोगाने पाहिलेल्या गांजापेक्षा पुष्कळच तीव्र आहे. तेव्हा त्या जुन्या अहवालाचा दाखला देऊन आज कुणी निर्धास्त होऊ नये. त्याला माझे उत्तर पटले की नाही कोण जाणे. पण त्याने आणखी एक विचारले, “मग ते आजोबा का लावतात?”

ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. कळले ते माईंच्यामुळे.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेजाऱ्यांनी आमच्या खिडकीतली पानगळ झालेली तुळस पाहिली आणि आपला एक रिकामा टब आणून दिला. स्वच्छ धुतलेला, नळीसकट. माईंनी तो दारातच थांबवला. “ज्यात गांजा लावला, त्यात मी तुळस लावू?” त्या मराठीत म्हणाल्या, पण नकार काही भाषेवाचून अडत नाही. ते टब उचलून परत निघाले. ताईला ओशाळल्यासारखे झाले. तिने कुबडीवर तोल सावरत त्यांना थांबवले आणि विचारले, की चार झाडांची मुभा असताना हा टब रिकामा कसा?

तेव्हा त्यांनी सांगितले. हा टब बायकोचा. तिला कर्करोग होता. केमोथेरपीनंतर तिला अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. डॉक्टरांच्या सल्ल्याने इतर औषधांबरोबर तिला गांजातल्या द्रव्याचेही औषध दिले, त्याने मळमळ थोडी थांबली, चार घास पोटात जाऊ लागले. कायदा आला, तेव्हा तिनेच हौसेने हा टब आणून पहिले झाड लावले. एप्रिलमध्ये ती गेली. उरलेले तीन टब ते चालवतात. चौथ्यात काही लावायला हात होत नाही. (इथे एक सांगायला हवे. मळमळीवर या द्रव्याचा उपयोग होतो, हे वैद्यकाला मान्य आहे. गांजाने कर्करोगच बरा होतो, असे जे सांगत सुटतात त्याला आधार नाही. त्या गृहस्थांनीही तसे कधी म्हटले नाही.)

ताईने हे सगळे माईंना मराठीत सांगितले. माई ऐकत होत्या, पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग त्यांनी विचारले, “पोरगी औषधासाठी लावत होती?”

“हो, माई.”

“मग औषधाची कुंडी आहे ती. औषधाला सोवळं नसतं. आण इकडे.”

टब आत आला. माईंनी तो पुन्हा एकदा धुतला, हळद-कुंकू लावले. मातीच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा घातला. तो भुसा हलका असतो, पाणी धरतो, आणि अंगणातल्या मातीसारखा घट्ट बसत नाही. पिशवीवर पाहिले तर भुसा श्रीलंकेचा. कॅनडातले गांजाचे शेतकरी आपल्याकडच्या नारळाच्या शेंड्यांवर जगतात, याची मला गंमत वाटली. शेजाऱ्यांनी एक जुना दिवाही दिला. सकाळी सहाला तो आपोआप लागे आणि रात्री आठला मालवे.

सुरुवातीला सगळे सुरळीत झाले असे नाही. नवी मुळे खालपर्यंत पोचेतो वरून थोडे पाणी घालावे लागते, हे आम्हांला उशिरा कळले. मग मातीवर बारीक काळ्या माश्या झाल्या; वरचा थर कोरडा ठेवल्यावर त्या गेल्या. महिन्याने कडेला पांढरी खार फुटली. पाणी खालून चढते आणि वर उडून जाते, त्यातले क्षार मात्र वरच साठतात. त्यावर उपाय म्हणजे कधीमधी वरून भरपूर पाणी घालून ते भोकातून वाहू द्यायचे. त्या वर्षीचे तुळशीचे लग्न त्या काळ्या टबातच लागले. शेजाऱ्यांना अक्षता दिल्या. कुठे टाकायच्या हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी त्या खिशात घातल्या.

एके दिवशी भाच्याने पुस्तकात पाहून सांगितले, की तुळशीच्या तेलात आणि गांजाच्या वासात कॅरिओफायलीन नावाचे एक द्रव्य समाईक आहे. लवंगेत आणि मिऱ्यातही तेच असते. मराठीच्या प्राध्यापिकेला याहून मोठा धक्का कोणता? ज्यांना आपण वाक्प्रचारात एकमेकांपुढे उभे केले, त्यांच्या गंधात थोडे नाते निघाले! अथर्ववेदातल्या एका मंत्रात सोमाबरोबर ज्या वनस्पतींची नावे येतात, त्यांत ‘भंग’ आहे. तो भंग म्हणजे हीच भांग की दुसरे काही, यावर पंडितांत वाद आहे. असो.

मी जानेवारीत परत आले तेव्हा तुळशीला नवी पालवी होती. फेब्रुवारीत ताईचा फोन आला. माईंनी बोलायला घेतला आणि फक्त एवढेच म्हणाल्या, “मंजिरी आली.” अकरा हिवाळ्यांनंतर आलेली ती पहिली मंजिरी.

पुण्यात आल्यावर मी दोन जुन्या बादल्यांची तशीच कुंडी केली. एक बादली दुसरीत बसवायची, तळांत वीतभर अंतर राहील अशी. वरच्या बादलीच्या तळाला भोके पाडायची, मध्ये एक भोकांचा प्लॅस्टिकचा पेला खाली पाण्यात लोंबता ठेवायचा, कडेने नळी घालायची, आणि वरच्या तळाच्या बोटभर खाली बाहेरच्या बादलीला पाणी निघायचे भोक ठेवायचे. भुशात निम्मे शेणखत. मिरची, टोमॅटो, पालक छान येतात; चार दिवस गावाला गेले तरी शेजारणीला किल्ली द्यावी लागत नाही. आपल्याकडे एक पथ्य मात्र टोरोंटोपेक्षा अधिक कडक हवे. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडता होतो. म्हणून नळीच्या तोंडाला आणि भोकाला बारीक जाळी बांधायची आणि आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण सुकू द्यायची. आरोग्य खाते ज्याला कोरडा दिवस म्हणते, तो माझ्या कुंडीचा शनिवार असतो.

जुलैत पालिकेचे आरोग्यसेवक तपासणीला आले. त्यांनी नळीत बॅटरी मारली, जाळी ओढून पाहिली, भोकाला बोट लावले आणि संशयाने विचारले, “बाई, हे आत काय लावलंय?”

“मिरच्या,” मी म्हटले.

त्यांनी पाने बाजूला करून खात्री करून घेतली, वहीत काहीतरी लिहिले, आणि जाताना घरी दाखवायला म्हणून कुंडीचा फोटो काढून नेला.